शिरीषावरची घार आणि आमची आगोट

आता मी राहते तिथून घारींच्या पाठी दिसतात. आमची चाळ पाडून तिच्या जागी जो टॉवर उभा राहिला, त्यात आम्हाला वरचा मजला मिळाला. सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसलं की घारी माझ्या पायांखालून फिरत असतात. चहात दूध कमी पडलं की जो रंग येतो ना, अगदी तसल्या पाठी. आयुष्यभर मी घार खालून बघत आले. पोट, पंखांखालचे फिकट चट्टे आणि मधे खाच असलेली शेपटी, एवढीच आमची ओळख. पाठ अशी असते हे सत्तरी जवळ आल्यावर कळलं, आणि खरं सांगते, मला फार आनंद झाला. सुनेला हाका मारून दाखवायला गेले तर ती म्हणाली, "आई, चहा गार होतोय." असो. पण त्या पाठी बघता बघता मला आमची गच्ची आठवते, आणि गच्ची आठवली की सगळ्यात आधी येतो तो उन्हात तापलेल्या बोंबलांचा वास.

चाळ घोडपदेवला. आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या थेट खाली, त्यामुळे फाल्गुन संपला की छताचा तवा व्हायचा. घरात आम्ही तिघंच: आई, बाबा आणि मी. बाबा मिलमध्ये साचा, म्हणजे कापडाचा माग, चालवायचे. दिवसभर त्या खडखडाटात राहून त्यांना घरात बोलायची सवयच उरली नव्हती. काही हवं असलं की खूण करायचे. बोलायचं काम सगळं आईकडे, आणि ती ते दोघांचं मिळून करायची. आई मालवणकडची. मुंबईत येऊन वीस वर्षं झाली तरी रागावली, हसली किंवा मासे घ्यायला बसली की तिची भाषा तिकडे पळायची. शेजारी माणसांची बिऱ्हाडं होती तशी इतरांचीही होती, आणि आईला ती सगळी ठाऊक असत. देव्हाऱ्यामागे पालीचं जोडपं. मोरीच्या तोंडाशी पावसाळ्यात येऊन बसणारा एक बेडूक, ज्याला ती "भावोजी" म्हणायची. जिन्याच्या वळणावर पाकोळ्यांची मातीची घरटी. मिलच्या कंपाउंडात एक मुंगूस होतं, ते दुपारी बाराच्या उन्हात भिंतीवरून इकडून तिकडे जायचं. ते दिसलं की आई हातातलं काम ठेवून नमस्कार करी आणि लगेच पुढचं बोलायला लागे.

ऋतू कळायचे ते माशांवरून आणि कोळणीवरून. पाटीत बोंबील लखलखायला लागले की थंडी आली. कोळीण भाव करता करता पदराने वारा घ्यायला लागली की थंडी गेली. मला मात्र एक वेगळीच खूण सापडली होती, ती म्हणजे शिरीष. मिलच्या भिंतीपलीकडे ते झाड होतं, आमच्या गच्चीपेक्षाही उंच, आणि त्याची एक जाड फांदी गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर आलेली. थंडी सरता सरता त्याची सगळी पानं गळायची आणि नुसत्या पिवळ्या वाळक्या शेंगा राहायच्या. वारा सुटला की त्या खुळखुळ वाजत. रात्रभर नाही, पहाटे नाही, बरोबर दुपारी समुद्राकडचा वारा फिरला की. आई म्हणायची, "इलो बघ तुझो खुळखुळेवालो." मग चैत्रात एके दिवशी बघावं तर शेंगांच्या मधून पोपटी पानं फुटलेली, आणि आठवड्याभरात आतलं काही दिसेनासं होई. त्या दोन-तीन महिन्यांत जे काय बघायचं ते उघड्यावर बघून घ्यावं लागे.

त्या वर्षी उघड्यावर घार दिसली. ती नि तिचा जोडीदार टाकीवरच्या फांदीच्या बेचक्यात घरटं बांधत होती. घरटं कसलं, भंगाराचं दुकानच ते! काटक्या होत्याच, पण शिवाय वायरचे तुकडे, सुतळी, कुणाचा तरी फाटका बनियन, आणि पांढऱ्या रंगाचं तिला भारी वेड. दोरीवरचा पांढरा रुमाल, कागदी पिशवी, काय वाट्टेल ते. रंगीत चिंधीकडे ती ढुंकून बघायची नाही. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. परीक्षा जवळ आलेली, आणि मी भूगोलाचं पुस्तक घेऊन टाकीच्या सावलीत बसायचे नि घार बघायचे. पुढे ती घरट्यात बसूनच राहायला लागली, नुसतं डोकं दिसायचं. जोडीदार खाणं आणून द्यायचा. तो यायच्या आधी ती एक बारीक थरथरती शीळ घालायची. एवढा मोठा पक्षी आणि आवाज असा, पोरीबाळींनी लाडात यावं तसा. मला त्याचं इतकं नवल वाटायचं की मी गॅलरीत तो आवाज काढत फिरायचे, आणि बाबा खुणेने विचारायचे, हिला काय झालं?

आता आगोटीचं सांगते. कोकणातल्या माणसाला पावसाळ्याची धास्ती असते. चार महिने ताजा मासा नीट मिळणार नाही म्हणून सुका बाजार आधीच भरून ठेवायचा. बोंबील, सोडे, जवळा, खारे बांगडे. त्या साठवणीला आम्ही आगोट म्हणायचो. गावाला अंगण असतं, इथे गच्ची. बाजारातून आणलेलं सगळं गच्चीवर चटयांवर पसरून कडकडीत ऊन दाखवायचं. एकेका घराची जागा ठरलेली, आणि चटई हातभर सरकली तरी भांडण. कोकमं, मिरच्या, पापडही तिथेच. तळमजल्यावरची सेलीन मावशी मुंबईचीच, इथल्या जुन्या ख्रिस्ती घरातली. तिच्या बाटलीत भरायच्या मसाल्याच्या मिरच्या दरवर्षी आमच्या बोंबलांच्या शेजारी. एरवी आम्ही सुट्टीत गावाला जायचो, पण त्या वर्षी बाबांना रजा मिळाली नाही. मग काय, राखण करायला मी आयतीच सापडले. कावळ्यांना हाकलायचं, बस. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा आणि समोर घार. मला दुसरं काय पाहिजे होतं!

पहिला फटका सेलीन मावशीला बसला. ती वाकून मिरच्या उलटत होती. एकदम ओरडली आणि डोकं धरून खाली बसली. "मला वाटलं कोणी टपली मारली, मागे बघते तर कोण नाय!" डोळ्यांत पाणी, केसांत लालभडक ओरखडा. दुसऱ्या दिवशी आमच्याच मजल्यावरच्या एका काकूंचा अंबाडा सुटला. तिसऱ्या दिवशी आईवर झडप आली, आईने हातातलं सूप डोक्यावर धरलं म्हणून वाचली, आणि गच्चीवरून सगळ्या घोडपदेवला ऐकू जाईल असं ओरडली, "शिरा पडली तुझ्या चोचीर!" संध्याकाळी गॅलरीत बैठक बसली. घार माशाच्या वासाने येते यावर कुणाचं दुमत नव्हतं. आमच्याकडे जगातल्या कुठल्याही गोष्टीचं कारण शेवटी मासाच निघायचं. मी म्हटलं, "पण सेलीन मावशी तर मिरच्या उलटत होती." आई म्हणाली, "तिच्या हाताक बोंबलाचो वास येता असतलो." मावशीने खरंच हात हुंगून बघितला.

मग उपाय निघाला, आणि तो आमच्याच माणसांना सुचावा असा होता. घारीचा वाटा काढायचा. देवाला, पितरांना, वाटेवरच्या राखणदाराला वाटा असतो, मग घारीने काय घोडं मारलं? तिला तिचा वाटा मानाने दिला की ती आपल्या चटईला तोंड लावणार नाही. रोज सकाळी एका घराने चार बोंबील आणि एक तळलेली मांदेली केळीच्या पानावर घालून टाकीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची. टाकीच्या कोपऱ्यात, म्हणजे अगदी घरट्याच्या खाली! वाटा कावळे खायचे, आणि ठेवायला गेलेल्या बाईला घार फोडून काढायची. जितका वाटा मोठा, तितका मार जास्त. बायका म्हणायला लागल्या की घारीचं समाधान होत नाही, काहीतरी चुकतंय. तेव्हा परब तात्यांनी सांगितलं की नुसता वाटा ठेवून भागणार नाही, गाऱ्हाणं घालावं लागेल.

परब तात्या चाळीतले सगळ्यात वडीलधारे. गणपती असो, भांडण असो, नळाला पाणी नसो, तात्यांचा शब्द शेवटचा. उन्हाळ्यातसुद्धा कडक इस्त्रीची पांढरी टोपी घातल्याशिवाय ते खोलीबाहेर पडत नसत. एका सकाळी सगळी चाळ गच्चीवर जमली. टाकीच्या कोपऱ्यात नारळ ठेवला, अगरबत्ती लावली, आणि तात्यांनी पूर्वेकडे वळून, हात जोडून खणखणीत आवाजात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! आज ह्या चाळीतली तुझी लेकरां तुझ्या पायाशी इली आसत, म्हाराजा!" आम्ही सगळे: "होय म्हाराजा!" "जो काय नारळ ठेवलेलो आसा, तो गोड मानून घे, म्हाराजा!" "होय म्हाराजा!" "आणि ह्या पाखराची जी काय नजर आमच्या सुक्या बाजारावर पडली आसा..." एवढ्यात मागून सावली आली, फडफड झाली, आणि तात्यांचं टक्कल उन्हात चमकलं. "माझी टोपी!" तात्या ओरडले. आणि सवयीने, काही न कळून, मागच्या रांगेतून दणदणीत आवाज आला, "होय म्हाराजा!"

मी आजही हे कुणाला सांगितलं तर शेवटपर्यंत पोचत नाही, आधीच हसायला लागते. त्या दिवशी मात्र हसणाऱ्यांना तात्यांनी नीट बघून ठेवलं. टोपी घेऊन घार घरट्यात गेली होती. तात्या खाली उतरताना एकच वाक्य बोलले, "रविवारी त्या घरट्याचा काय ता करून टाकू." मिलच्या पहारेकऱ्याशी बोलणं झालं, लांब बांबूला आकडी बांधून झाली, दोन तरणे गडी ठरले. घरटं ओढून खाली पाडायचं. आईसुद्धा म्हणाली, बरं झालं, पीडा जाईल. वाराही बदलत चालला होता. सकाळी हवेत दमटपणा जाणवायचा, जवळ्याला हात लावला तर चिकट. आणखी पंधरा दिवस घारीच्या भीतीने गच्ची बंद राहिली असती तर सगळ्या चाळीच्या आगोटीला बुरशी धरली असती.

माझी झोप उडाली. कारण मला जे ठाऊक होतं ते कुणालाच नव्हतं. शिरीषाला पानं आली होती, फुलांचा गोडसर वास सुटला होता, आणि घरटं आता कुठूनही दिसत नव्हतं, फक्त टाकीच्या मागच्या पायरीवर चढलं तर एका फटीतून दिसायचं. आत दोन पिल्लं होती. अंगावर मळकट कापूस, पंखांच्या जागी नुसते खुंट फुटायला लागलेले. एक धीट, दुसरं सदा त्याच्या मागे. दोघं तात्यांच्या टोपीवर ऐसपैस बसलेली. घरटं पाडलं तर ती उडू शकणार नव्हती, खालच्या फरशीवर आपटणार होती, आणि कावळे तर सकाळपासून टपलेलेच असत. मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "चार दिसांनी पावस सुरू झालो की खातलंस काय? पिल्लां?" मी रडले, जेवले नाही. तिने माझं ताट झाकून ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागली.

पण डोक्यात एक प्रश्न घोळत राहिला. घार सगळ्यांना मारते, मग मला का नाही? मी तर सगळ्यांपेक्षा जवळ बसते. आधी वाटलं, ती मला ओळखते, आमची मैत्री आहे. काही दिवस मी त्या कल्पनेत फार खूश होते. मग आठवायला लागले, कोणाकोणाला मारलं? सेलीन मावशी वाकलेली होती, पाठ झाडाकडे. काकू चटई झटकत होत्या, पाठ झाडाकडे. तात्या देवाकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून उभे, पाठ झाडाकडे. वाटा ठेवणाऱ्या बाया पान ठेवून वळायच्या, तेव्हा मार बसायचा. आणि मी? मी दिवसभर नुसती तिच्याकडे टक लावून बसलेली असायचे. मैत्री नव्हतीच तर. मी बघत होते, एवढंच कारण होतं की काय?

हे खरं की खोटं हे बघायचा एकच मार्ग होता. शनिवारी सकाळी मी डोक्यावरचा पंचा काढला, टाकीच्या कोपऱ्यात गेले आणि घारीकडे तोंड करून उभी राहिले. ती फांदीवरून उठली, सरळ माझ्यावर आली, मी पापणी हलवली नाही. हात दोन हात राहिले असतील, तशी ती तिरकी होऊन वर गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मजा इतकी वाटत होती की काय सांगू. मग मी वळले. पाठ झाडाकडे केली आणि डोळे मिटले. काहीच आवाज नाही. शेवटच्या क्षणी कुणी ओलं धोतर झटकावं तसा एक आवाज, आणि डोक्यात आग. मी खाली बसले. हात लावला तर बोटांना रक्त. दुखलं खूप, डोळ्यांत पाणी आलं, आणि तशीच मी हसत सुटले, कारण मला कळलं होतं!

आईने भांगात हळद दाबताना चार धपाटे घातले. "मुद्दाम मार खाल्लंस? तुझी टकली फिरलीहा काय?" मी तिला सगळं सांगितलं, घारीला मासे नकोत, तिला पिल्लांची भीती, आणि तिच्याकडे बघत राहिलं की ती मारत नाही. आई म्हणाली, "नुसता बघून चोर पळाले असते तर पोलीस कित्याक होये?" पण तिचा हळदीचा हात थांबला होता. माझी आई मासा घेताना कोळणीच्या शपथांवर कधी विश्वास ठेवायची नाही, कल्ले उघडून, अंगठ्याने दाबून बघायची. थोड्या वेळाने तिने विचारलं, "डोळे मिटल्यावरच मारल्यान? नक्की?" मी म्हटलं, नक्की. बाबा कोपऱ्यात विडी ओढत बसले होते. त्यांनी कधी नव्हे ते तोंड उघडलं. "साच्याचा धोटा पण तसाच," मागावर सुसाट धावणाऱ्या धोट्यासारखा हात इकडून तिकडे फिरवून ते म्हणाले, "लक्ष असेपर्यंत लागत नाही." आणि पुन्हा विडी ओढायला लागले.

रविवारी सकाळी तात्या, दोघे गडी आणि बांबू जिन्यात आले तेव्हा मी गच्चीच्या दारात आडवी उभी होते. तात्या म्हणाले, "बाजूक हो गो बाय." मी म्हटलं, नाही होणार. माझा आवाज असा चिरका निघाला की गडी हसायला लागले. मागून आई आली. तिने मला दंडाला धरून बाजूला केलं, आणि मला वाटलं, संपलं. पण ती स्वतः दारात उभी राहिली. "तात्यांनु, जरा थांबा. माका एक बघूचा आसा." डोक्यावर पदर नाही, हातात सूप नाही, तशीच ती टाकीच्या कोपऱ्यात चालत गेली आणि कमरेवर हात ठेवून वर बघत उभी राहिली. नळावर भांडण झालं की ती अशीच उभी राहायची. घार आली. आई हलली नाही. घार वळली. पुन्हा आली, वळली. मग आई वरची नजर न काढता म्हणाली, "आता कोण तरी चटई घेऊन मधून जावा. वाकून जावा."

कुणी पुढे होईना. गडी बांबूकडे बघायला लागले. शेवटी तात्याच पुढे आले, मला वाटतं आईचं म्हणणं खोटं पाडायला. टोपी नव्हतीच. उघडं डोकं घेऊन, चटई काखेत मारून ते झाडाकडे पाठ करून सावकाश वाकले, चटई पसरली, तिच्या घड्या काढल्या, मुद्दाम वेळ लावला. घार दोनदा फांदीवरून उठली आणि दोनदा परत बसली. मी टाकीच्या सावलीत बसून बघायचे, आई उघड्यावर अगदी तिच्या समोर उभी; तिचं सगळं लक्ष आईकडे, आईचं तिच्याकडे. तात्या सरळ झाले, डोक्यावरून हात फिरवला. मग आई मागे मागे सरकत टाकीच्या पायरीवर चढली आणि पानांच्या फटीतून तिला आतलं दिसलं. तिचा चेहराच बदलला. "दोन आसत गो," ती मला म्हणाली, हळू, घरात कुणी झोपलेलं असावं तसं. "केवढेशे डोळे ते!"

तात्यांनी खालून विचारलं, "माझी टोपी दिसता?"

"दिसता."

"बरी आसा?"

"पिल्लू बसलाहा तिच्यार," आई म्हणाली. "घाण केल्यान."

आता तात्या भडकणार असं सगळ्यांना वाटलं. सेलीन मावशीने तर तोंडावर पदर धरला. तात्यांनी बांबूकडे पाहिलं, मग वर, मग आईकडे. त्यांची मान हलत होती, रागाने की हसू दाबल्यामुळे ते कळत नव्हतं. "बसूंदे," ते म्हणाले. "इस्त्रीची होती, मऊ लागत असतली." आणि गड्यांना म्हणाले, बांबू खाली ठेवा, गणपतीत लागेल. मी तिथेच गच्चीच्या तापलेल्या फरशीवर बसून मोठ्यांदा रडले. आधी रडले होते ते वेगळं, हे वेगळं.

त्यानंतर आमच्या चाळीत एक नवीनच काम निघालं, घारीकडे बघायचं. बायका वाळवण घालत तोवर एकीने टाकीशी उभं राहून वर बघत राहायचं. बोलायला हरकत नाही, पण नजर हलवायची नाही. सेलीन मावशी बघता बघता जपमाळ ओढायची. पण खरी उभी राहायची ती आईच. दुसरीची वेळ असली तरी "तुझा लक्ष नसता" म्हणून तिला हटवायची. घरी येऊन मान चोळत मला सांगायची, आज धाकट्याने पंख पसरून बघितले, आज थोरल्याने आईच्या चोचीतून ओढून घेतलं, उंदीर होता, मोठा. आम्ही दोघी ताटावर बसून हे बोलायचो आणि बाबा ऐकत ऐकत एक चपाती जास्त खायचे. माझी आई कधी कुठल्या शाळेत गेली नव्हती, मला शिकवायचं काही तिच्याकडे आहे असं तिला वाटतही नसे. त्या दिवसांत आम्हाला एकमेकींना सांगायला काहीतरी होतं, आणि ते मला फार आवडायचं. आता टीव्हीवर सिंह, वाघ सगळं दिसतं, जवळून, रंगीत. शेजारी बसून "मान बघ, मान बघ" म्हणणारं कुणी नसतं.

आगोट भरून झाली. डब्यांची झाकणं मेणकापडाने बांधली गेली, गच्ची मोकळी झाली, आणि आता वर जायचं कुणालाच कारण नव्हतं. थोरलं पिल्लू एके दिवशी दिसेनासं झालं, मग मिलच्या छपरावर दिसलं. धाकटं मात्र घरट्याबाहेरच्या फांदीवर येऊन बसायचं, पंख उघडायचं, मिटायचं. पश्चिमेकडे ढग जमायला लागले होते, वाऱ्याने फांदी जोरजोरात हले, आणि ते नखं रोवून बसे. आईला घोर लागला. "ह्या असाच बसला तर पावसात भिजान मरतला." ती सकाळ-संध्याकाळ वर जायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, कपडे काढायला. दोरीवर कपडे नसायचे.

ज्या सकाळी ते उडालं, त्या सकाळी आम्ही दोघी टाकीशी उभ्या होतो. समोर फांदीच्या टोकाशी ते बसलेलं. घार पलीकडे मिलच्या धुराच्या चिमणीवरून तीच बारीक शीळ घालत होती, पण खाणं घेऊन जवळ येत नव्हती. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "पाणी इला!" नळ म्हणजे अर्धा तास, त्यात सगळं भरून घ्यायचं. आई कठड्याशी वळली, वाकली आणि ओरडली, "माझी कळशी लाव गो!" आणि परत वळली तर फांदी रिकामी. नुसती हलत होती. ते तोवर गच्चीवरून पार होऊन मिलच्या पत्र्यांवर वेडंवाकडं फडफडत पोचलंसुद्धा होतं.

आईने आधी फांदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गेला?" मी म्हटलं, "उडालं!" आणि नाचायला लागले. ती मटकन टाकीच्या पायरीवर बसली. "मेल्या, इतके दिस तुझ्याकडे बघान मान मोडली माझी," ती त्या पत्र्यांकडे हात करून म्हणाली, "एक मिनीट थांबलं असतंस तर काय झाला असता!" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्या दिवशी आमच्या घरात पाणी भरलं गेलं नाही. तिने मला समोर बसवून विचारलं, कसं गेलं? पंख आधी उघडले की उडी आधी मारली? खाली पडल्यासारखं झालं का? ओरडलं का? मला जेवढं आठवत होतं तेवढं मी सांगितलं. "परत सांग," ती म्हणाली. मी परत सांगितलं. दुपारी भात वाढताना पुन्हा एकदा. बाबा पाळीवरून आले तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून पुन्हा, पण ऐकत होती तीच.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा बायका गॅलरीत जमल्या. आई मधोमध बसून सांगत होती. "आधी पाय बदलल्यान. खाली बघल्यान. मगे जरा मागे सरला. माका वाटला, आता ह्या काय जावचा नाय. आणि मगे एकदम..." तिने दोन्ही हात इतके जोरात पसरले की सेलीन मावशी मागे सरकली. "एकदम सोडून दिल्यान स्वतःक! खाली, खाली, खाली गेला, माझा काळीज हय इला, आणि मगे वाऱ्यान उचलल्यान तेका." परब तात्या दारात उभे राहून ऐकत होते, डोक्यावर नवी टोपी. मी कठड्याला टेकून उभी होते. मागे सरणं मी तिला सांगितलं नव्हतं, वाऱ्याचंही नव्हतं. ते कसं उडालं हे मला तिचं ऐकतानाच पहिल्यांदा नीट दिसलं.